तबकडीच्या कडेला राहिलेले आवाज

ग्रामोफोनची जुनी तबकडी ज्यांनी शेवटपर्यंत ऐकली असेल त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. गाणे संपते, सारंगीचा सूर विरत असतो, आणि तेवढ्यात कुणीतरी बोलते. घाईघाईने, जरा चढ्या आवाजात, आपलेच नाव सांगते. ‘माय नेम इज गौहर जान.’ ‘जोहराबाई आग्रेवाली.’ ‘जानकीबाई इलाहाबाद.’ मग सुई खरखरत मधल्या कागदाकडे सरकते. गाण्याशी या बोलण्याचा काही संबंध नसतो. राग नाही, ताल नाही. कुणी दार उघडून डोकावावे आणि निघून जावे, तसा तो आवाज येतो आणि जातो. आज आम्हाला लिहायचे आहे ते अशा आवाजांविषयी. गाणे ध्वनिमुद्रित करताना जे सोबत आले, काही मुद्दाम, बरेचसे नकळत, आणि पुढे ज्यांना कचरा समजून झाडून टाकण्यात आले त्यांच्याविषयी.

सुरुवात १९०२ पासून करावी लागते. लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेडरिक गैसबर्ग त्या वर्षी कलकत्त्यास उतरला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने काम सुरू केले. आधी तिथल्या थिएटरात गाणाऱ्या शशीमुखी आणि फणीबाला या दोन मुलींचे आवाज घेतले, आणि ११ नोव्हेंबरला गौहर जान यांचा. काही आठवड्यांत सुमारे साडेपाचशे मुद्रणे करून तो पुढे गेला. मायक्रोफोन तेव्हा नव्हता. भिंतीतून एक मोठा भोंगा बाहेर आलेला, त्यात तोंड घालून गायचे. भोंग्याच्या पलीकडे मेणाची जाड तबकडी फिरे आणि आवाजाच्या धक्क्याने सुई तिच्यावर रेघ ओढी. आवाज कमी-जास्त करण्याचे बटण नव्हते. वरचा सूर लावताना गाणाऱ्याने मागे सरायचे, खालच्या सुराला पुढे यायचे. तबल्याची थाप जोरात पडली तर सुई उसळे, म्हणून तबलजी लांब बसे. एक चूक झाली की तबकडी वाया. खोडरबर नव्हते.

मेणाच्या या तबकड्या पेटीत भरून जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथे त्यांचे साचे होत, तबकड्या छापल्या जात, त्यावर कागदी लेबल चिकटवले जाई. हॅनोव्हरच्या कारागिराला ठुमरी आणि दादरा यांतला फरक कुठून कळणार? गौहर कोण आणि जोहरा कोण हेही त्याला कळणार नव्हते. म्हणून गाणाऱ्याने शेवटी स्वतःचे नाव सांगावे अशी पद्धत पडली. कारागिराने ऐकावे आणि बरोबर लेबल लावावे. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कंपनीचा कारखाना निघाला तेव्हा ही गरज उरली नाही. तरी सवय काही वर्षे टिकली, आणि मग नाव सांगण्याची प्रथा हळूहळू बंद पडली.

कारखान्याच्या सोयीसाठी आलेली ही पद्धत, पण तिच्यामुळे जे घडले ते कंपनीच्या ध्यानीमनी नसावे. गौहर जान यांचा जन्म १८७३ मध्ये आझमगढचा, मूळ नाव अँजेलिना. आईने इस्लामचा स्वीकार केला, ती मलका जान झाली आणि मुलगी गौहर. उस्ताद मंडळी तेव्हा भोंग्याला भीत होती. तीन मिनिटांत राग कसा मांडायचा, आपली विद्या रस्त्यावर कशी आणायची, असे त्यांना वाटे. आमच्या महाराष्ट्रात आयुष्य घालवलेले अल्लादिया खाँ साहेब १९४६ मध्ये गेले, पण त्यांची एकही तबकडी नाही. पुढे आल्या त्या कोठ्यावर गाणाऱ्या बायका. समाज ज्यांचे नाव चारचौघांत घेत नसे, त्या बायकांनी स्वतःचे नाव, गावासकट, स्वतःच्या तोंडाने तबकडीवर कोरून ठेवले. जोहराबाई १९१३ मध्ये वारल्या. त्यांचा फोटो घरात लावायला ज्यांची हरकत असती, त्यांच्याही दिवाणखान्यात त्या ‘आग्रेवाली’ म्हणून बोलत राहिल्या.

आम्ही हिंगोलीकडचे. आमच्या जिल्ह्यातले नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘नामा म्हणे’ आले की इथल्या अक्षरशत्रू माणसालाही कळते की हे कुणाचे. तिकडे औरंगाबादेत वली आणि सिराज यांनी गझलेच्या मक्त्यात आपला तखल्लुस गुंफला. कागद हरवतो, नकलून घेणारा चुकतो, दुसराच कुणी आपल्या नावावर खपवतो. म्हणून नाव ओळीतच विणून टाकायचे, म्हणजे उसवता येत नाही. तबकडीच्या शेवटी बोललेले नाव हे आम्हाला याच जातीचे वाटते. लेबल फाटते, पुसट होते, बदलता येते. खाचेत बोललेले नाव तबकडी फुटेपर्यंत तिथेच असते.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. नाव बोलण्याची प्रथा गेल्यावर काय झाले ते पाहा. १९४९ मध्ये ‘महल’ चित्रपट आला. त्यातले ‘आएगा आनेवाला’ देशभर गाजले, आणि तबकडीच्या लेबलवर गायिकेचे नाव होते ‘कामिनी’. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. ही कोण गाते म्हणून रेडिओकडे पत्रांचा ढीग लागला, तेव्हा कंपनीकडे विचारणा होऊन लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. आमच्या मराठी मुलीला जे नाव मिळवायला पत्रे यावी लागली, ते सत्तेचाळीस वर्षे आधी गौहर जान यांनी एका वाक्यात मिळवले होते.

याच गाण्याचे ध्वनिमुद्रण कसे झाले ते लताबाईंनी अनेकदा सांगितले आहे. आवाज दुरून येत जवळ येतो असा परिणाम संगीतकार खेमचंद प्रकाश यांना हवा होता, आणि तो साधण्याचे यंत्र स्टुडिओत नव्हते. मग मायक्रोफोन मधोमध ठेवला. लताबाई खोलीच्या कोपऱ्यात उभ्या राहून गाऊ लागल्या आणि गात गात एक-एक पाऊल पुढे आल्या. पाऊल वाजता कामा नये, आणि सूर नेमका मायक्रोफोनशी पोहोचता यावा. ‘मुगल-ए-आझम’च्या वेळी ‘प्यार किया तो डरना क्या’ला घुमणारा आवाज हवा म्हणून नौशाद साहेबांनी त्यांना स्टुडिओच्या न्हाणीघरात उभे केले, ही गोष्टही प्रसिद्धच आहे. शीशमहालात घुमणारा अनारकलीचा आवाज म्हणून आपण ज्याला डोक्यावर घेतले, तो फरशीच्या न्हाणीघराचा आहे. आम्हाला यात काही कमीपणा वाटत नाही. उलट त्या काळच्या लोकांच्या हिकमतीचे कौतुक वाटते.

गायक, वाजवणारे, कोरस, सगळे एका दालनात आणि सगळे एकाच वेळी. पंखा बंद ठेवायचा, कारण त्याची घरघर येते. उन्हाळ्यात घाम पुसायचा तोही आवाज न करता. शंभर जणांत एकाचा गज चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी नव्वद टक्के उत्तम झालेल्या गाण्यात कुठे खुर्ची करकरली, कुणाचा श्वास ऐकू आला, तर संगीतकार काय करत असेल? बहुधा डोळे मिटून घेत असेल. आवाज ठेवून देत असेल. आर. डी. बर्मन यांच्यासारख्यांनी पुढे काचेचे पेले आणि बाटल्याही गाण्यात वाजवल्या, पण ती योजना होती, अपघात नव्हे. दोहोंची गल्लत करू नये.

तिकडे विलायतेत तर अशा राहून गेलेल्या आवाजांवर रॉक संगीताचे षौकीन वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ या १९६७ च्या गाण्यात चोवीस मात्रागट रिकामे सोडले होते. तिथे पुढे काय वाजवायचे ते ठरलेले नव्हते. त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स मोठ्याने आकडे मोजत होता आणि शेवटी त्याने गजराचे घड्याळ वाजवले. तो गजर गाण्यात राहिला, कारण पुढची ओळ नेमकी झोपेतून उठण्याची होती. त्याच गाण्याच्या शेवटी अनेक पियानोंवर एकदम दाबलेला सूर चाळीसेक सेकंद विरत जातो. तो सूर पकडायला तंत्रज्ञांनी यंत्रे इतकी ताणली की कुणाच्या तरी खुर्चीची करकर त्यात उतरली. लेड झेपेलिनच्या १९७० च्या एका गाण्यात ढोलाच्या पायपट्टीची किरकिर सुरुवातीपासून ऐकू येते. त्याच मंडळींनी एकदा बागेत बसून गाणे घेतले, वरून विमान गेले, तंत्रज्ञाने थांबू का म्हणून विचारले, आणि राहू दे म्हणून गायकाने दिलेले उत्तरही तबकडीवर आहे. पोलिस नावाच्या बँडच्या ‘रॉक्सन’च्या आरंभी एक बेसूर पियानो आणि हसू आहे. गायक स्टिंग पियानोवर चुकून बसला होता. १९७८ पासून ते हसू जगभर वाजते आहे.

हे सगळे गमतीने सांगण्यासारखे आहे, आणि तिकडे ते गमतीनेच सांगतात. त्यांना ते परवडते. तिथे ढोल वाजवणाऱ्याचे नाव जॉन बोनहॅम हे पोराटोरांना पाठ असते, त्याच्या पायपट्टीची कंपनीसुद्धा माहीत असते. आपल्याकडे प्रश्न वेगळा पडतो. आपल्याकडे साथीला बसलेल्या माणसाचे नावच लेबलवर नसे. त्याच्या असण्याचा पुरावा म्हणजे गाण्यामागची सारंगी, किंवा गायिकेने एखादी जागा घेतल्यावर मागून निसटलेले ‘वाह’, ‘क्या बात है’. ही दाद कंपनीने मागितलेली नव्हती. तीन मिनिटांच्या हिशेबात ती बसतही नव्हती. पण दाद दिल्याशिवाय आपल्या माणसाला गाणे ऐकताच येत नाही. भोंग्यासमोर कितीही गप्प बसवा, तोंडातून निघून जाते.

मराठी रंगभूमीचेच घ्या. बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघरी होत्या. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत सारंगीवर कादरबक्ष होते आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. थिरकवा पुढे देशातले थोर तबलावादक म्हणून मान्यता पावले, म्हणून त्यांचे नाव राहिले. कादरबक्षांचे नाव नाट्यसंगीताच्या जुन्या रसिकांपलीकडे किती जणांना ठाऊक आहे? नारायणरावांच्या गळ्यातून निघालेला सूर आणि त्याच्या मागोमाग सावलीसारखी जाणारी सारंगी हे जोडूनच मराठी कानाला गोड लागले. मराठी माणसाच्या अगदी आतल्या आवडीत हा मुसलमानी हात आहे. तो कुणी दडवला असे आमचे म्हणणे नाही. लेबल लहान होते, एवढेच. पण लेबल नेहमी त्याच माणसांसाठी लहान का पडते, असा प्रश्न मनात येतोच.

याहून ठळक उदाहरण आकाशात आहे. अल्लादिया खाँ साहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याच्या तबकडीवर गेली. यान आता आंतरतारकीय अवकाशात गेले आहे. सोबतच्या यादीत देश, रागसंगीत आणि ‘सुरश्री केसरबाई केरकर’ असे लिहिले आहे. गाणे साडेतीन मिनिटांचे. साथ करणाऱ्यांची नावे त्या यादीत नाहीत. माणसाने पाठवलेल्या सर्वांत दूरच्या टपालातही साथीदार बिननावाचेच गेले.

अब्दुल करीम खाँ साहेबांविषयी आम्हाला जास्त लिहिता येईल, पण विषय सुटेल. ते मिरजेचे झाले, १९३७ मध्ये गेले आणि मिरजेतच दर्ग्याच्या आवारात विसावले. १९०५ च्या सुमारास त्यांनी भोंग्यासमोर गायले आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मायक्रोफोनसमोर. दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकल्या तर मधल्या तीस वर्षांत यंत्राचा कान किती तीक्ष्ण झाला ते कळते. भोंग्याला फक्त मोठे आवाज दिसत. मायक्रोफोनला श्वासही दिसतो.

आणि श्वास दिसू लागला म्हणूनच बेगम अख्तर शक्य झाल्या, असे आमचे मत आहे. वरच्या सुरावर त्यांचा आवाज क्षणभर चिरके, फाटे. गायनशाळेत याला दोष म्हणतील. ऐकणारे त्या क्षणाची वाट पाहत बसत. जाणीवपूर्वक करता येण्याजोगे ते नव्हते, आणि नेहमी होईल याची खात्रीही नव्हती. १९७४ मध्ये त्या गेल्या. तबकड्यांवर ती चीर तशीच आहे. उद्या एखाद्या हुशार पोराने संगणकावर ती सांधून आवाज गुळगुळीत केला तर त्याला आपण काय म्हणणार?

आता आमच्या भागाकडे येतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्याचा कान हैदराबादकडे लागलेला असे. जिल्हा म्हणून आम्ही १ मे १९९९ ला परभणीपासून वेगळे झालो. मुंबईचे स्टुडिओ आमच्यापासून फार लांब. आमच्याकडे तबकडी ऐकू यायची ती हॉटेलातून, लग्नाच्या मांडवातून, उरुसात झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून. त्यामुळे आम्ही कोरे, स्वच्छ गाणे कधी ऐकलेच नाही. गाण्याबरोबर कपबशांचा आवाज, एसटीचा हॉर्न, ‘दोन कट’ची आरोळी. तबकडी घासली की सुई एकाच जागी अडकायची आणि कुणीतरी उठून बोटाने ढकलायची. आजही घरात म्हातारे माणूस तेच तेच बोलू लागले की ‘रेकॉर्ड अडकली’ म्हणतात. तबकडी न पाहिलेली पोरेही म्हणतात.

पुढे टेपरेकॉर्डर आला आणि आमची माणसे स्वतःच ध्वनिमुद्रक झाली. उरुसातली कव्वाली, मुशायरा, मौलाना साहेबांचे बयान, कुणाचा मिलाद, सगळे कॅसेटवर. कर्ण्याजवळ टेप ठेवायचा आणि लाल बटण दाबायचे. अशा कॅसेटांतून कव्वालापेक्षा जनरेटरच जास्त ऐकू येतो. शेर चालू असताना मूल रडते, त्याची आई त्याला दबक्या आवाजात दम देते. कुणाचे तरी नाव पुकारून त्याची सायकल आडवी आहे म्हणून सांगितले जाते. ‘मुकर्रर’ म्हणणारा एखादा बुजुर्ग इतक्या जवळ बसलेला असतो की शायरापेक्षा तोच स्पष्ट उमटतो. शायराचा दीवान छापून निघालेला असतो. त्या बुजुर्गाचे एवढेच उरलेले असते.

याहून मोलाच्या कॅसेटा म्हणजे सौदी, कुवेत, दुबईला गेलेल्यांना पाठवलेल्या. फोन महाग होता, वाचता येणारे प्रत्येक घरात नव्हते. मग सगळे घर टेपभोवती बसे. अम्मा बोले, अब्बा खाकरून दोन वाक्ये बोलत, बायकोची पाळी आली की तिला सगळ्यांदेखत बोलायला सुचत नसे. मजकूर दर वेळी तोच. खैरियत, पाऊस, पैसे मिळाले, कुणाचा निकाह ठरला. परदेशी मुलगा मात्र दुसरेच ऐकायचा. मागे कोंबडी ओरडते, म्हणजे अजून विकली नाही. हापशाचा आवाज येतो, म्हणजे पाणी आहे. मोहल्ल्याच्या मशिदीची अजान येते, आणि मुअज्जिनचा आवाज बदललेला असतो, तेव्हा कुणी न सांगता त्याला कळते. बायको दोन वाक्ये बोलून थांबते त्या शांततेत बांगड्या वाजतात. ती शांतता त्याने किती वेळा मागे नेऊन ऐकली असेल याचा हिशेब कुणाकडे नाही.

या कॅसेटा आता बहुतेक घरांतून गेल्या. काहींवर पुढे सिनेमाची गाणी भरली गेली, काहींना बुरशी लागली, काही कपाट बदलताना भंगारात निघाल्या. ज्यांच्याकडे आहेत त्यांची मुले त्या संगणकात उतरवून घेतात, हे चांगलेच आहे. पण उतरवताना खरखर घालवण्याची एक कळ असते, आणि ती सगळेच दाबतात. यंत्राला कोंबडी आणि खरखर यांतला फरक समजत नाही. बोलणारा माणूस तेवढा ठेवून ते मागचे सगळे घर पुसून टाकते.

मोठ्या कंपन्यांनी हेच आधी केले. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून जुनी गाणी एल.पी.वर, कॅसेटवर, मग सीडीवर आली तेव्हा शेवटचे बोललेले नाव अनेकदा कापले गेले. आम्ही बाजारातून आणलेल्या एका कॅसेटमध्ये तर आवाज बोलण्यासाठी श्वास घेतो आणि तेवढ्यात पुढचे गाणे सुरू होते. श्वास राहिला, नाव गेले. तबकड्या जमवणाऱ्यांनी मात्र याबाबतीत फार काम केले आहे. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, सुरेश चांदवणकरांसारख्यांनी तिच्या मार्फत जुन्या तबकड्या शोधल्या, त्यांच्यावर लिहिले, ठिकठिकाणी त्या लोकांना ऐकवल्या. अशी मंडळी तबकडी वाजवतात तेव्हा सुई अखेरपर्यंत जाऊ देतात.

आमच्याकडच्या जुन्या पेट्यांतून अजूनही कधी एखादी तबकडी निघते. लेबल वाळवीने खाल्लेले, कंपनीचे चित्रही ओळखू येत नाही. गाणाऱ्याचे नाव वाचायची सोय नसते. मग कुणाकडून तरी चालू स्थितीतला ग्रामोफोन मागून आणतात, चावी देतात, सुई ठेवतात, आणि मंडळी तीन मिनिटे कुजबुजत अंदाज करतात, कुणी म्हणते मलका, कुणी म्हणते जानकी. गाणे संपत आले की सगळे गप्प होतात.